पंधरा-सतराचा कौल

६ जुलै २००४, मुंबई

लिहायचं लिहायचं म्हणून सहा महिने घालवले. ही डायरी जानेवारीत पेट्रोलपंपावर फुकट मिळाली. तेव्हापासून रिक्षाच्या सीटखाली पान्यांच्या आणि फडक्यांच्या संगतीत पडून होती. पहिल्या पानावर ग्रीसचा अंगठा आणि माझंच एक वाक्य, "आजपासून रोज." त्यानंतर काही नाही. माझं सगळंच असं. नववीच्या परीक्षेला म्हणून निघालो आणि हर्णैला मासळीचा लिलाव बघत बसलो. मग मुंबईत लाँड्री, मग तुडीलला वाळूच्या होडीवर, आता वीर स्टेशन ते महाड रिक्षा. तीही दुसऱ्याची.

आज लिहायला बसलो कारण दोन दिवसांत जे पाहिलं ते तोंडी सांगायला गेलो की मध्येच भरकटतो.

माझ्या मामाची मुलगी प्रियदर्शिनी. आम्ही दर्शू म्हणतो. पोलादपूरच्या वर डोंगरात मामाचं गाव, तिथून रोज उतरून ती पोलादपुरात लहान पोरांना शिकवते. पंधराएक दिवस तिच्या पायांवर काळेनिळे डाग उठत होते. बयामामी म्हणाली, शाळेत बाकाला आपटत असेल. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर मामी म्हणाली, ब्रशानं खरवडते. शेवटी काल मीच तिला रिक्षात घालून महाडला सरोजमॅडमच्या लॅबमध्ये नेलं.

सरोजमॅडम रक्त तपासणाऱ्या डॉक्टर. रविवारी मुंबईला आईकडे जातात, सोमवारी वीरला उतरतात आणि माझ्याच रिक्षात बसतात, कारण मी प्रश्न विचारतो म्हणे. दर्शूचं रक्त काचेवर घेऊन त्यांनी ती काच भिंगाखाली पुन्हा पुन्हा सरकवली. मग मला बोलावलं आणि भिंगाला डोळा लावायला सांगितलं. काय दिसतं? मी म्हटलं, जांभळी चिखलणी. पेशीच्या पोटात बघ, म्हणाल्या. आणि दिसलं. बारीक काड्या, एकमेकींना टेकवून बांधल्यासारख्या. मामी रानातून डोक्यावर आणते तशी मोळी. तसं बोललो तर मॅडमनी खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांच्या पुस्तकातही त्या पेशीला मोळीचंच नाव आहे म्हणाल्या.

मोळी दिसली म्हणजे रक्ताचा कर्करोग. पण त्याचे प्रकार पुष्कळ, आणि पेशीतला नेमका कुठला जनुक बिघडलाय यावर माणसाचं पुढचं ठरतं. या मोळीवाल्या प्रकारात पंधरा नंबरच्या आणि सतरा नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. मला समजलं ते असं, की डेपोत दोन एसट्या मधोमध कापल्या आणि पोलादपूरच्या गाडीचं तोंड गोरेगावच्या गाडीच्या बुडाला जोडलं. गाडी सुरू होते पण कुठल्याच गावाला पोचत नाही, आणि मागे गाड्यांची रांग लागते. पेशी वाढतात पण शहाण्या होत नाहीत. मॅडम म्हणाल्या, जवळपास बरोबर.

त्यांचं पुढचं बोलणं जसंच्या तसं लिहितो. "चंदू, पूर्वी यात माणूस बघता बघता रक्तस्रावानं जायचा. सगळ्यांत वाईट हाच होता. आता औषध सापडलंय, आणि ते लागू पडतं तेही याच बिघाडामुळे. आज सगळ्यांत चांगला हाच. पक्कं जनुकाच्या तपासणीत कळेल, पण तिची वाट बघत बसायचं नाही. आजच मुंबईला."

दर्शूला लॅबच्या बाकावरच झोपवून मी मामाला आणायला वर गेलो. येसाजीमामा देवळात बसलेले. गावात कौल लावायचा मान त्यांच्या घराण्याचा. देवाच्या दगडाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पोरीला मुंबईला न्यायची का, असा कौल त्यांनी सकाळीच लावला होता आणि पाकळी पडतच नव्हती. पडल्याशिवाय उठायचं नाही. आणि एकदा विचारलेलं परत विचारायचं नाही, तो देवावर अविश्वास.

मी म्हटलं, "मामा, खाली मॅडमनी लावला कौल. भिंगातून. उजवा पडलाय."

"कसला?"

"पंधरा-सतराचा."

मामांनी दगडाला हात जोडले, पाकळी तशीच ठेवली आणि उठले. मॅडमना हे सांगितलं नाही, पण मला माझंच कौतुक वाटलं. योग्य वेळी योग्य शब्द सुचणं ही साधी गोष्ट नव्हे.

११ जुलै, मुंबई

परत जायचं होतं, गेलो नाही. रिक्षा स्टँडवरच्या गणूला चालवायला दिलीय.

इस्पितळ एवढं मोठं आहे की पहिल्या दिवशी मी दर्शूसाठी पाणी आणायला निघालो आणि लहान मुलांच्या वॉर्डात पोचलो. तिथे एक पोरगा सलाइनचा स्टँड बैलासारखा हाकत होता. त्याच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या. पाणी विसरलोच.

दर्शूला रोज सलाइनमधून औषध देतात. त्यात सोमल आहे. आपला सोमल, विषाचा. मामीला कळलं तेव्हा ती कोपऱ्यात जाऊन रडली. "उंदरांना घालतात त्ये माज्या पोरीला?" दर्शूच्या तोंडात कापूस होता, हिरड्या अजून गळत होत्या. तसंच म्हणाली, "आये, उंदीर मेले की सांगते तुला."

असं माणूस मी पाहिलं नाही. मला साधं इंजेक्शन म्हटलं की चक्कर येते.

१९ जुलै

आज लिहवत नाही. परवापासून तिला श्वास लागतोय, अंग सुजलंय. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडतंय म्हणून होतं असं, अडकलेल्या पेशी एकदम मोठ्या होतात आणि फुप्फुसात गर्दी करतात. त्यावर वेगळं औषध दिलंय. मामा जिन्यात बसून आहेत. त्यांना चहा नेला, तो तसाच गार झाला. मीच प्यायलो.

२४ जुलै

दम ओसरला. आज तिनं पेज मागितली आणि वर मीठ कमी म्हणून नावं ठेवली.

जनुकाचा रिपोर्टही आला. पंधरा-सतरा, पक्कं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा रिपोर्ट त्याच दिवशी आला, त्यांचा बिघाड दुसरा निघाला. त्यांच्या नवऱ्याला डॉक्टर बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होते. दोघींना तोच ताप, तेच डाग, वॉर्ड एक. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि आत कुठेतरी एवढ्याशा अदलाबदलीत सगळं लिहिलेलं. हे शोधणारी माणसं कुठे राहतात, काय जेवतात, मला बघायचंय त्यांना.

डॉक्टरांनी मामाला समोर बसवून सांगितलं, हा चांगला गट आहे, अशी माणसं बरी होतात. मामांनी मान हलवली आणि विचारलं, "मान काय द्यायचा?" हे आमच्याकडचं. देवानं उजवा कौल दिला की तो मान मागतो, कधी नारळ, कधी कोंबड्याची राखण. ज्याच्यासाठी कौल लावला त्यानंच तो ठरल्या दिवशी द्यायचा. नाही दिला तर कौल फिरतो. खालच्या वाडीतल्या महादूनं विहिरीसाठी कौल घेतला, पाणी लागलं, मान द्यायला मात्र आज-उद्या करत राहिला. विहीर आटली. सगळं गाव ते उदाहरण देतं. डॉक्टरांना यातलं काय ठाऊक. ते हसून म्हणाले, काही द्यायला नको, मुलगी बरी होऊ दे. मामांनी डॉक्टरांना हात जोडले. बिनमानाचा कौल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

२८ ऑगस्ट, महाड

काल दर्शू घरी आली. केससुद्धा गेले नाहीत. पोलादपूरपासून वर रिक्षा मीच नेली, अर्ध्या रस्त्यात गरम झाली, ओढ्याचं पाणी घातलं. ती म्हणाली, हिला पण सोमल दे.

भिंगात आता मोळी एकही दिसत नाही असं सरोजमॅडम म्हणाल्या. महिनाभर विश्रांती, मग पंचवीस सप्टेंबरला पुन्हा मुंबई, दुसरा डोस. मला सांगितलंय मामांना आठवण करायला.

१५ सप्टेंबर

मामी दर्शूसाठी स्थळ बघतेय. कापडे गावचा मुलगा. मी त्याला पाहिलंय, बसतो तेव्हा एका बाजूला कलतो. मामीला सांगितलं. बाकी माझा काही संबंध नाही.

१ ऑक्टोबर

पंचवीस तारखेच्या आधीच वर जाणार होतो. पण वीरला शिवथरच्या घळीला जाणारं एक कुटुंब मिळालं, सगळा दिवस त्यांच्याबरोबर गेला. धबधब्याजवळ त्यांच्या आजोबांनी मला आवळ्याचं झाड कसं ओळखायचं ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी रिक्षाचं टायर. वर पोचलो तेव्हा तारीख उलटून गेली होती. पण त्यानं काही बिघडलं नाही, कारण मामा तसेही जाणार नव्हतेच.

मामा म्हणतात, कौल उजवा झाला, पोर उभी राहिली, विषय संपला. मी म्हटलं, डॉक्टर परत तपासणार आहेत, आत अजून पंधरा-सतरा आहे का ते. तर म्हणाले, "परत? उजवा दिलेल्याला परत इचारतात होय रे?" आणि गोठ्यात गेले.

दर्शू दारात उभी होती. शाळेत जाऊ लागलीय, पोरांनी तिच्यासाठी कागदाचा हार केला होता, तो खुंटीला लावलाय.

रिपोर्ट म्हणजे कौल हे मामांच्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे.

९ ऑक्टोबर

आज सरोजमॅडम स्वतः वर आल्या. रिक्षा शेवटच्या चढाला थांबली, तिथून छत्री टेकत चालत. मी दोनदा म्हटलं, बसा जरा. म्हणाल्या, बसले तर परत फिरेन.

मामांनी अंगणात घोंगडी टाकली, मामीनं चहा केला, सगळं रीतसर झालं. मॅडमनी समजावलं की भिंगात मोळी दिसत नाही म्हणजे ती गेली असं नाही. जनुकाची तपासणी भिंगापेक्षा कितीतरी बारीक बघते. आज ती केली तर पंधरा-सतरा बहुतेक सापडेलच. दुसरा डोस झाला की परत बघायचं, तेव्हा तो नाहीसा झालेला दिसला पाहिजे. त्यानंतरही सहा महिने दर महिन्याला औषध घ्यायचं आणि अधूनमधून बघत राहायचं. "येसाजीराव, हा गट चांगला आहे तो औषध पुरं केलं तर. अर्ध्यावर सोडलं की हा आजार परत येतो. जवळजवळ सगळ्यांना येतो. आणि दुसऱ्यांदा आपल्याला एवढा वेळ देईल असं नाही."

मामा बराच वेळ अंगणातला चिखल पायानं सारखा करत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या भिंगानं उजवा दिला. मी मानला. माझ्या देवाची पाकळी अडकलेली तशीच टाकून पोरीला उचलली. आता तुमीच म्हंता परत इचारा. ज्याला परत परत इचारायचा तो कौल कसला?"

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

उतरताना त्यांनी विचारलं, त्या दिवशी तू वर जाऊन नक्की काय सांगितलंस? मी सांगितलं, कौल उजवा पडलाय म्हणून, आणि त्यामुळे मामा लगेच कसे उठले तेही. त्या छत्री टेकत माझ्यापुढे निघून गेल्या. चढण्यापेक्षा उतरताना माणूस जास्त दमतं, गुडघ्यांवर येतं. पोलादपूर आल्यावर एवढंच म्हणाल्या, अठरा तारखेला खाट मिळतेय, त्यापुढे मी थांबवू शकत नाही.

मॅडमसारखी बाई मी पाहिली नाही. महाडात आरामात बसून राहिल्या असत्या तर कुणी विचारलं नसतं.

१३ ऑक्टोबर

उद्या घट बसतात. दसऱ्यापर्यंत मामा देवळातच, अनवाणी, एकवेळ जेवण, आणि गावाची शीव ओलांडायची नाही. कौल लावणाऱ्यानं नऊ दिवसांत शीव ओलांडली तर कौलाला बसायचा पाट त्याच्याकडून जातो, भावकीतल्या दुसऱ्याला मिळतो. मामांच्या आज्यापासून कुणी ओलांडली नाही. म्हणजे अठरा तारखेचं मामांना सांगण्यातच अर्थ नव्हता. तरी गेलो आणि सांगितलं. जायला काय लागतं.

मामी आणि दर्शू देवळातल्या समया चिंचेनं घासत होत्या. मामा वाती वळत होते. मी भिंतीला टेकून बसलो आणि एक समई घासायला घेतली. तिचा मोर निखळला, तो बसवत होतो, तेवढ्यात दर्शूनं विचारलं.

"आबा, कौल कोणासाठी लावलात?"

"तुज्यासाठी गो. हा काय प्रश्न?"

"मग मान कोणी द्यायचा?"

मामांची वात थांबली. म्हणाले, डॉक्टर काय नको म्हणाले, मी समोर होतो.

"त्यांना मान म्हंजे काय ठावं नाय. तारीख दिली ना त्यांनी? पंचवीस दिली, ती आपण चुकवली. आता अठरा दिलीय. दर टायमाला हात पुढे करून सोमल घ्यायचा, हाच त्याचा मान हाय. महादूच्या इहिरीची गोष्ट तुमीच मला सांगितलीत आबा."

मामा म्हणाले, मान मागायचा तर माझ्याकडून मागावा. पोरीच्या अंगात इख कशाला.

"ज्याच्यासाठी कौल, त्यानंच मान. तुमचीच रीत."

मामी चिंचेचे हात तसेच धरून बसली होती. मामांनी वाती डब्यात भरल्या, उठले, देवासमोर उभे राहिले. घरी जेवायलाही आले नाहीत.

निघताना दर्शू ओढ्यापर्यंत आली. म्हणाली, सोमवारी पहिल्या एसटीनं मी एकटी उतरते, महाडला तुझ्या खोलीवर येते, तू वीरला सोड. मामीला माहीत आहे, मामी आडवी येणार नाही. पण आबा बोलत नसताना जायचं तर मला पुढं हे सहा महिने कसं निभेल रे, असं म्हणाली. वडिलांचं तोंड फिरलेलं घेऊन सलाइनखाली पडणं तिला जमणार नाही. सोमलाची तिला भीती नाही, याची आहे.

मी म्हटलं, वीरला का, मी मुंबईपर्यंत येतो. ती म्हणाली, रिक्षानं? आणि हसली. समईचा मोर माझ्या खिशातच राहिला.

१७ ऑक्टोबर

रिक्षा धुतली. सीटखालचं सगळं काढलं. गणूला परत विचारून ठेवलंय. मॅडमनी डॉक्टरांसाठी पाकीट दिलं आणि दर्शूसाठी एक स्वेटर, वॉर्डात गार असतं म्हणून. मला म्हणाल्या, यावेळी मामांना काही सांगायला जाऊ नकोस. गेलो नाही. खरं तर जावंसं वाटत होतं.

शाळेत गुणसूत्रं शिकवली असती तर मी बसलो असतो का, याचा विचार करत होतो. बहुतेक नाही. पण आता मॅडमच्या लॅबमध्ये भिंग पुसायला जरी ठेवलं तरी जाईन.

१८ ऑक्टोबर, सकाळ

पॅसेंजरला अजून वेळ आहे. दर्शूची एसटी यायला हवी होती. घाटात काही अडकलं असेल, किंवा तिचा धीर सुटला असेल. तिचा सुटणार नाही. पण बाप देवळात उपाशी बसलाय आणि आपण पिशवी घेऊन शीव ओलांडतोय, हे मला तरी जमलं नसतं. मी तर परीक्षेलाही न सांगता पळालेला माणूस.

तिला काय सांगायचं ते ठरवतोय. काहीतरी चांगलं सुचायला हवं. त्या दिवशी मामांना सांगताना कसं पटकन सुचलं होतं.

खालून सायकलवाल्या रामाची हाक आली. चंदू, तुझ्याकडे पाहुणे. पाहुणे म्हणाला, पाहुणी नाही.

खिडकीतून बघितलं. दर्शू दुकानाच्या स्टुलावर बसलीय, मांडीवर पिशवी. तिच्या बाजूला कपाळाला देवाचा अंगारा लावलेले येसाजीमामा उभे आहेत. घट बसलेत, दसरा झालेला नाही, आणि मामा महाडात आहेत. पायात चपला नाहीत. दर्शूच्या मांडीवरची पिशवी त्यांनी आत्ताच स्वतःकडे घेतली, आणि मान वर करून मला विचारतायत, "गाडी कितीची रे?"